डॉक्टर पोचेपर्यंत: पशुपालकांचे प्रश्न, दवाखान्याची उत्तरं

तालुक्याच्या ठिकाणच्या दवाखान्यात एकाच सकाळी अडलेली म्हैस, खरवडलेला बोका, मान टाकलेल्या कोंबड्या आणि विम्याचा कागद घेऊन आलेला माणूस असे सगळे एका रांगेत असतात. प्रश्नही तसेच मिसळलेले आले आहेत. पहिलं उत्तर मुद्दाम लांब दिलं आहे.

म्हैस सकाळपासून कळा देते आहे, पण पाणमोट (वासराभोवतीची पाण्याची पिशवी) दिसत नाही. थांबायचं की फोन करायचा? डॉक्टर यायच्या आत घरी काय करून ठेवावं?
(एक वाचक, ता. सांगोला)

फोन करायचा, आणि लगेच. म्हैस अस्वस्थ आहे, ऊठबस करते, पोटावर लाथ मारते, शेपूट उचलून धरते, वैरण सोडली आहे आणि तीन-चार तास उलटूनही पाणमोट येत नाही, तर पहिला संशय गर्भाशयाला पीळ पडल्याचा. गाईपेक्षा म्हशीत हे जास्त दिसतं. दिवस भरत आल्यावर, म्हणजे 310 दिवसांच्या आसपास, बहुतेक वेळा हे घडतं. क्वचित महिनाभर आधीही. डॉक्टर योनिमार्गात हात घालून पाहतात तेव्हा वाट सरळ लागत नाही, ओला टॉवेल पिळल्यासारख्या घड्या हाताला लागतात. पीळ बहुधा उजवीकडचा असतो.

उपाय म्हणजे लोळवणं. ज्या बाजूला पीळ, त्याच कुशीवर म्हैस पाडतात. पुढचे दोन पाय एकत्र आणि मागचे दोन एकत्र, असे वेगवेगळे बांधतात. 10 ते 12 फूट लांब आणि 9-10 इंच रुंद फळीचं एक टोक जमिनीवर टेकवून फळी पोटावर ठेवतात, तिच्यावर एक माणूस उभा राहतो आणि बाकीचे म्हशीला पिळाच्याच दिशेने सावकाश उलटवतात. फळीने गर्भाशय जागेवर दाबून धरायचं आणि म्हशीचं अंग त्याच्याभोवती फिरवायचं, एवढंच त्यामागचं गणित. प्रत्येक फेरीनंतर हात घालून तपासावं लागतं. दोन-तीन फेऱ्यांत पीळ सुटला तर गढूळ पाणी एकदम बाहेर येतं. सुटला नाही किंवा सुटूनही गर्भाशयाचं तोंड उघडलं नाही, तर शस्त्रक्रिया. दीड दिवस उलटल्यावर बोलावलं तर वासरू बहुतेक गेलेलं असतं आणि गर्भाशयाचा रंगही बदललेला असतो. मग म्हैस वाचवणं एवढंच हातात राहतं.

म्हणून घरच्यांनी जमवून ठेवायचं ते असं: सहा ते आठ माणसं, ती फळी, 20-25 फुटांचे तीन मऊ दोर, दोन बादल्या कोमट पाणी, साबण, भरपूर उजेड, आणि गोठ्याबाहेर मऊ मातीची किंवा पाचट पसरलेली मोकळी जागा. फरशीवर म्हैस लोळवता येत नाही. फळीसाठी शेजारच्या सुताराला रात्री दोन वाजता उठवावं लागतं, तेव्हा ती आधीच बघून ठेवावी.

फोनवर नुसतं "म्हैस अडली" म्हणू नका. वेत कितवं, भरवल्याची (रेतनाची) तारीख, कळा कधीपासून, पाणमोट आली का आणि केव्हा फुटली, बाहेर काय दिसतं, कुणी हात घातला का आणि कुठलं इंजेक्शन दिलं का, हे सांगा. पाय दिसत असतील तर खुरांचे तळवे खाली आहेत की वर, तेही पाहा. तळवे खाली आणि गुडघ्यांवर टेकलेलं नाक दिसलं तर पुढचे पाय, वासरू सरळ आहे. तळवे वर असतील तर बहुधा मागचे पाय आहेत. तिथे वेळ फार कमी असतो, कारण डोकं आतच असताना नाळ दाबली जाते.

दोन गोष्टी मात्र करू नका. पहिली, पान्ह्याचं (ऑक्सिटोसिनचं) इंजेक्शन. पीळ पडलेल्या किंवा तोंड न उघडलेल्या गर्भाशयाला त्याने जोर आला तर गर्भाशय फाटतं. दुसरी, ट्रॅक्टरला दोर बांधून ओढणं. दोन माणसांच्या ताकदीने, कळ येईल तेव्हाच, खालच्या दिशेने आणि एक-एक पाय आळीपाळीने ओढून वासरू येत नसेल, तर ताकद वाढवून ते येत नाही. मोडतं.

पाणमोट फुटली आहे आणि तासा-दीड तासात काहीच पुढे सरकलं नाही, तरी हेच सगळं लागू. पहिलारू (पहिल्याच वेताची) असेल तर थोडी ढील देता येते, पण फार नाही.

व्यालेली गाय दुसऱ्या दिवशी बसली, मान पोटाकडे वळवली. दुकानातून कॅल्शियमची बाटली आणून आपणच लावली तर चालेल का?
(पशुपालक, ता. फलटण)

नाही. लक्षणं दुग्धज्वराची वाटतात: तिसरं किंवा पुढचं वेत, विल्यानंतरचे 72 तास, कान गार, नाकपुडी कोरडी, शेण-मूत बंद. नावात ज्वर असला तरी अंग गारच असतं, हे एक गंमतीचं. उपचार खरंच कॅल्शियमचाच आहे, 450 मिलीची बाटली शिरेतून. पण ती दहा-पंधरा मिनिटं घेऊन, बाटली अंगाइतकी कोमट करून, एका हाताने हृदयाचे ठोके ऐकत द्यायची असते. कॅल्शियम थेट हृदयाच्या स्नायूवर काम करतं. ठोके चुकायला लागले की तिथल्या तिथे थांबवावं लागतं. बाटली उंच धरून पाच मिनिटांत रिकामी केली की गाय सुईसकट कोसळते, आणि मग "बाटलीच खराब होती" असं गावभर होतं.

तोपर्यंत तुम्ही करायचं ते असं. गाय एका कुशीवर आडवी पडू देऊ नका. छातीवर बसती ठेवा, दोन्ही बाजूंना पाचटाच्या पेंढ्या किंवा भुशाची पोती लावा. आडवी पडली की पोट फुगतं. तोंडाने काहीही पाजू नका, गुळाचं पाणीसुद्धा नाही, कारण गिळण्याची ताकद गेलेली असते आणि पाजलेलं फुप्फुसात उतरतं. दुग्धज्वरातून वाचलेली गाय चार दिवसांनी न्यूमोनियाने जाते ती याच पाजण्यामुळे.

बाटली लागली की गाय ढेकर देते, शेण टाकते, नाकपुडीवर घाम येतो आणि बऱ्याचदा तासाभरात उठते. चार-सहा तासांत उठली नाही तर पुन्हा बोलवा. दर दोन-तीन तासांनी कूस बदला, नाहीतर खालच्या पायाचे स्नायू आणि नसा दबून वेगळंच दुखणं मागे लागतं. पहिले दोन दिवस कास पूर्ण रिकामी करू नका. वासराला लागेल तेवढंच काढा.

आणि पुढच्या वेताची काळजी: गाभण गाईला शेवटच्या तीन आठवड्यांत कॅल्शियमचं टॉनिक पाजायची पद्धत बंद करा. हाडातलं कॅल्शियम रक्तात आणणारी शरीराची यंत्रणा त्या काळात जागी व्हायला हवी. बाहेरून भरपूर मिळत राहिलं तर ती झोपून राहते, आणि विल्यावर चिकात (पहिल्या दुधात) एकदम कॅल्शियम जायला लागलं की गाय बसते. टॉनिक विल्यानंतर द्या.

गाय तीन वेळा भरवली, तिन्ही वेळा उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली. दोष रेतनाचा की गाईचा?
(वाचक, ता. संगमनेर)

आधी तारखा पाहू. वहीत नसतील तर हा प्रश्न कुणालाच सोडवता येणार नाही. बरोबर 18 ते 24 दिवसांनी उलटत असेल तर गर्भ धरलाच नाही किंवा फार लवकर गेला. 35 ते 50 दिवसांनी उलटत असेल तर धरला होता आणि मग गेला; तिथे गर्भाशयाचा संसर्ग तपासावा लागतो. दहा-बारा दिवसांनीच "माजावर आली" असं वाटत असेल, तर एक तर आधीची वेळ चुकली होती किंवा आताची.

सगळ्यात जास्त चुकते ती वेळ. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. "माज" म्हणजे दुसऱ्या जनावराने अंगावर उडी घेतली तरी गाय स्थिर उभी राहते तो. नुसतं हंबरणं म्हणजे सुरुवात. बळस (माजातला चिकट स्राव) काचेसारखा स्वच्छ, न तुटता तारेसारखा लोंबणारा हवा. त्यात दुधाळ किंवा पिवळी झाक असेल तर त्या माजाला भरवूच नका, आधी उपचार करून घ्या आणि पुढच्या माजाला भरवा. रेतन करणारा वीर्याची कांडी द्रवरूप नत्रातून काढून 37 अंशाच्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवतो की खिशात घासून गरम करतो, हेही बघायला हरकत नाही. नत्र उणे 196 अंशाचं असतं. खिशातली ऊब त्याला पुरत नाही.

तीनदा वेळ बरोबर साधूनही उलटली तर चौथी कांडी विकत घेऊ नका. गाभण तपासणीसारखीच गुदमार्गातून अंडाशयाची तपासणी करून घ्या. म्हशींचं वेगळं: मुका माज, तोही बहुतेक रात्री आणि उन्हाळ्यात जवळजवळ दिसतच नाही. पहाटे पाचला आणि रात्री दहाला गोठ्यात एक फेरी मारा.

शेळ्यांना जंताचं औषध दर दोन महिन्यांनी देतो, तरी जबड्याखाली पाणी उतरतं. औषध बनावट आहे का?
(एक शेळीपालक, ता. आटपाडी)

असेलही, पण आधी मात्रा तपासा. सगळ्या शेळ्यांना एका झाकणाने सारखंच औषध दिलं जातं. मोठीला कमी पडतं आणि त्या कमी मात्रेत वाचलेले जंत पुढच्या वेळी त्या औषधाला जुमानत नाहीत.

वजनकाटा नसेल तर शिंप्याचा टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचात, आणि खांद्याच्या टोकापासून शेपटीच्या बुडाजवळच्या हाडाच्या टोकापर्यंत लांबी इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660. उत्तर किलोत. घेर 28 आणि लांबी 26 असेल तर 784 गुणिले 26, म्हणजे 20,384, भागिले 660, जवळजवळ 31 किलो. अल्बेंडाझोल शेळीला किलोमागे 7.5 मिलिग्रॅम धरलं तर सुमारे 232 मिलिग्रॅम. आता बाटली पाहा. 2.5 टक्क्यांची असेल तर मिलीत 25 मिलिग्रॅम, म्हणजे साधारण 9 मिली. 10 टक्क्यांची असेल तर सव्वादोन-अडीच मिली. नाव तेच, रंग तोच, मात्रा चौपट वेगळी. गोंधळ इथेच होतो. गाभण शेळीला पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल नको, पिल्लात व्यंग येऊ शकतं.

जबड्याखालचं पाणी हे रक्त पिणाऱ्या जंतांचं काम असतं. खालची पापणी उलटून पाहा. लालसर गुलाबी असेल तर औषधाची घाई नाही. पांढुरकी असेल तर आजच. कळपात चार-पाचच शेळ्या पांढऱ्या निघत असतील तर फक्त त्यांनाच द्या, सगळ्यांना देऊ नका. औषध देऊन दहा-चौदा दिवसांनी लेंड्या तपासा: ताज्या दहा-बारा लेंड्या, स्वच्छ डबीत, त्याच दिवशी दवाखान्यात. अंडी कमी झाली नसतील तर औषध बदलायचं, बाटलीची कंपनी नाही.

दगडीसाठी (कासेच्या सुजेसाठी) कासेत औषधाची ट्यूब सोडली. दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही? बाकीचे तीन सड तर चांगले आहेत.
(दूध उत्पादक, ता. राहुरी)

चारही सडांचं दूध बाजूला ठेवा. औषध रक्तात जातं आणि रक्तातून चारही कप्प्यांत. किती दिवस, ते लेबलवर छापलेलं असतं. तिथे काळ ठरवलेला नसेल तर आपल्याकडच्या औषध नियमांनुसार दुधासाठी किमान 7 दिवस आणि मांसासाठी 28 दिवस धरायचे. उकळून प्रतिजैविक जात नाही. घरी तपासायची एक जुजबी खूण: विरजण लागत नाही. पण विरजण लागलं म्हणजे औषध नाही, असा त्याचा उलटा अर्थ काढू नका.

पिसाळलेला कुत्रा गोठ्यात शिरून कालवडीला चावला. दूध देणाऱ्या म्हशीलाही ओरबाडलं असावं. दूध प्यायचं का?
(वाचक, ता. चिपळूण)

जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली, घड्याळ लावून 15 मिनिटं धुवा. हातमोजे घाला, नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या. नंतर पोव्हिडोन आयोडीन. टाके घालायचे नाहीत, हळद-मिरची-चुना भरायचा नाही. लस त्याच दिवशी सुरू: 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी. शून्य म्हणजे पहिली सुई लागली तो दिवस. मधली सुई "जनावर चांगलं खातंय" म्हणून सोडून देतात, तिथेच घात होतो. म्हशीची खात्री नसेल तर तिलाही द्या.

दूध कच्चं पिऊ नका. उकळल्यावर विषाणू टिकत नाही. पण जनावराला लक्षणं दिसू लागली तर दूध काढणंच थांबवा, कारण धोका दुधापेक्षा लाळेचा.

आणि ही गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगा: पिसाळलेली गाय-म्हैस नेहमी अंगावर धावून येत नाही. ती लाळ गाळते, घशात काही अडकल्यासारखं करते, आवाज घोगरा होतो, मागचे पाय लटपटतात. घरचा माणूस आंब्याची कोय अडकली म्हणून कोपरापर्यंत हात तोंडात घालतो. असं जनावर दिसलं तर हात आत नको, फोन करा. हात घालून झाला असेल तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. माणसाची लस आमच्याकडे नसते.

पिल्लू दीड महिन्याचं आहे. दवाखान्यात गुरंढोरं असतात, तिथे नेलं तर आजार लागेल का?
(वाचक, कणकवली)

गुरांकडून नाही, दुसऱ्या पिल्लाकडून. पार्व्होचा (पिल्लांच्या उलट्या-रक्ती हगवणीचा) विषाणू फरशीवर महिनोन्महिने तग धरतो. म्हणून पिल्लू खाली सोडू नका. टोपलीत किंवा मांडीवर ठेवा आणि नंबर येईपर्यंत बाहेर गाडीजवळ थांबा. पिल्लाला उलट्या आणि रक्ताळ पातळ शी होत असेल तर आत यायच्या आधी दारातून सांगा, त्याला मागच्या दाराने घेता येतं. घरी फरशी धुऊन घ्या आणि मग ब्लीच एका भागाला तीस भाग पाणी घालून दहा मिनिटं ओलं राहू द्या. घाणीवर ब्लीच ओतून काही होत नाही.

लस सहा ते आठ आठवड्यांपासून, दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांचं झाल्यावर. एक डोस देऊन "लस झाली" म्हणणारे बरेच असतात. पार्व्होची बरीचशी पिल्लं त्यांच्याचकडची.

मेडिकलमधून दुखण्याची माणसांची गोळी जनावराला दिली तर?
(वाचक, वर्धा)

मांजराला पॅरासिटामॉल दिलं तर ते मरू शकतं. अर्धी गोळीसुद्धा पुष्कळ झाली. हिरड्या तपकिरी पडतात, कारण रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते. कुत्र्याला आयब्युप्रोफेनने पोटात व्रण पडतात. गुरांना डायक्लोफिनॅक देण्यावर 2006 पासून बंदी आहे. ते औषध अंगात असलेलं मेलेलं जनावर खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅकवरही बंदी आली. मेलोक्सिकॅम चालतं, तेही वजनावर आणि चिठ्ठीवर.

विम्याची गाय अचानक मेली. नाकातून रक्त आलं आहे. विमा कंपनी शवविच्छेदन मागते.
(पशुपालक, ता. परळी)

गाय उघडू नका आणि कुणाला उघडू देऊ नका. अचानक मृत्यू, नाक-गुदातून न गोठणारं काळपट रक्त आणि अंग ताठर न होणं, ही फाशी (अँथ्रॅक्स) या रोगाची लक्षणं आहेत. शव फाडलं की जंतूंना हवा मिळते, ते बीजाणू बनवतात आणि त्या मातीत वर्षानुवर्षं राहतात. कातडं काढणाऱ्या माणसालाही हा रोग होतो. दवाखान्यात कळवा; आधी कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन तपासतात. फाशी निघाली तर शवविच्छेदन होत नाही, तसं लिहून मिळतं आणि तोच कागद कंपनीला द्यायचा. शव सहा फूट खड्ड्यात, चुना पसरून पुरायचं. नदी-नाल्यापासून दूर.

विम्यासाठी एवढं करा: कंपनीला त्याच दिवशी कळवा, कानातला 12 आकडी बिल्ला स्पष्ट दिसेल असा फोटो काढा, बिल्ला कापून काढू नका. जिवंतपणीच बिल्ला पडला असेल तर लगेच नवीन मारून त्याचा आकडा कंपनीला लेखी कळवा. बिल्ला नाही तर दावा नाही, ही अट बहुतेक पॉलिसींत असते.

वीस गावरान कोंबड्या आहेत. रानीखेत रोगाची लस शंभर डोसांचीच मिळते. उरलेली फ्रिजमध्ये ठेवून महिन्याने वापरावी का?
(वाचक, ता. अकोले)

नाही. पाण्यात कालवलेली लस दोन तासांत संपवायची. शेजारच्या चार घरांना सोबत घ्या आणि सकाळी लवकर एकाच वेळी द्या. बाटली दवाखान्यातून बर्फाच्या थर्मासमध्ये आणा. आधी दोन तास कोंबड्यांचं पाणी काढून घ्या. नळाचं पाणी नको, त्यातलं क्लोरीन लस मारतं. विहिरीचं थंड पाणी घ्या आणि लिटरला 5 ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळा. सुरईसारख्या एका अरुंद भांड्यात ठेवलं तर मोठा कोंबडाच पिऊन जातो. चार-पाच पसरट थाळ्या मांडा.